निंगबोची भिंत, बीजिंगची चड्डी आणि बाकीच्या चिनी इमारती

मोल्डवाला | रविवार, रात्री ११:४२

मंडळी, गेल्या महिन्यात निंगबोला जाऊन आलो. फिरायला नाही, कामाला. भोसरीच्या आमच्या शॉपमधलं एक इंजेक्शन मोल्डिंग मशीन आता निवृत्त करायलाच हवं, आणि त्या मशीनांची पंढरी म्हणजे निंगबो. शनिवारी ट्रायल बघितली, रविवारी डीलरने जेवू घातलं (ताटात समुद्रातलं काय काय होतं ते विचारू नका, मी भातावर भागवलं), आणि सोमवारचा अख्खा दिवस हातात उरला. विमान रात्रीचं.

भाची आर्किटेक्चरला आहे. तिने निघतानाच दम दिला होता, "मामा, निंगबोला जाऊन ते म्युझियम न बघता आलास तर मला तोंड दाखवू नकोस." म्हणून टॅक्सी केली आणि गेलो. पोचलो तर दार बंद. सोमवारी म्युझियमं बंद असतात हे ज्ञान मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, निंगबोत, हातवारे करणाऱ्या एका वॉचमनकडून प्राप्त झालं.

परत जाऊन तरी काय करणार? मग बाहेरूनच भिंत बघत बसलो. चांगले दोन तास. तेव्हापासून डोक्यात जो भुंगा शिरलाय तो आज इथे सोडतो.

लांबून इमारत एखाद्या गडासारखी दिसते. खाली सरळसोट ठोकळा. वर जाता जाता त्याच ठोकळ्याला भेगा पडल्यासारखं होतं आणि त्याचे सुळके होतात, तेही तिरपे. दोन सुळक्यांच्या मधे खिंड. सह्याद्रीत चार पावसाळे भटकलेल्या माणसाला लगेच ओळख पटते. भाचीने नंतर सांगितलं की आर्किटेक्ट वांग शूच्या डोक्यातही डोंगरच होता, जुन्या चिनी चित्रांतला.

पण खरी मजा जवळ गेल्यावर. भिंतीला प्लास्टर नाही, रंग नाही. जुन्या विटा आणि जुनी कौलं, थरावर थर. कौल आडवं घातलेलं, त्याची फक्त कड बाहेर, जाडीला करंगळीएवढी. आपली नळीची कौलं असतात त्या जातीचंच, पण उथळ आणि राखाडी. भाकऱ्यांची चवड रचावी तशा या कडा एकावर एक. वीत लावून मोजल्या तर चौदा. मग लाल विटांचा एक पट्टा, मग काळपट विटांचा, मग पुन्हा कौलं. पट्टे सरळ जात नाहीत, मधेच दम लागल्यासारखे थांबतात आणि दुसराच माल सुरू होतो.

काही भिंती नुसत्या काँक्रीटच्या आहेत, पण त्यांच्यावर बांबूचे वळ आहेत, पेरांसकट. सेंट्रिंगला गुळगुळीत फळ्यांऐवजी बांबू लावला की काँक्रीट त्याचा ठसा घेतं. आम्हा मोल्डवाल्यांना हे कोणी सांगावं लागत नाही. साच्यावर एक ओरखडा असला तर तो प्रत्येक पीसवर उमटतो, आणि तो घालवायला आम्ही पॉलिशवाल्याचे पाय धरतो. इथे तोच ओरखडा कोणीतरी मुद्दाम, प्रेमाने ठेवलाय. मी त्या वळांवरून हात फिरवला तेव्हा वॉचमनने पुन्हा हातवारे केले.

आता मुद्दा. ही कौलं आली कुठून? म्युझियम २००८ साली तयार झालं. त्याआधी शहर वाढवताना आसपासची तीसेक गावं पाडली गेली. त्यांचाच माल गोळा करून ही भिंत रचली, त्यातल्या काही विटा-कौलं मिंग-चिंग काळातली, म्हणजे काही शतकं जुनी. मी उभा होतो तिथून बघाल तिकडे काचेचे टॉवर, रुंदच्या रुंद रस्ते आणि हेलिकॉप्टर उतरेल एवढी मोकळी मैदानं. गाव होतं म्हणावं अशी एक खूण नाही. असलंच गाव तर ते भिंतीत.

याला मान म्हणायचं, की गाव मारून मग त्याच्या फोटोला हार घालून दिवाणखान्यात टांगणं म्हणायचं? भाची म्हणते, "मामा, पाडणारा वेगळा आणि बांधणारा वेगळा." मला ते अर्धं पटतं. इथे आर्किटेक्ट आहेत, इंजिनियर आहेत, चीनमध्ये संसार केलेली मंडळी आहेत. बोला.


चहाबिस्किट | रविवार, रात्री ११:५१

पहिला!
सोमवारचा किस्सा भारी. पण फोटोंशिवाय असा धागा म्हणजे फोडणीशिवाय वरण. फोटू टाका.


मोल्डवाला | सोमवार, सकाळी ७:१५

चढत नाहीयेत हो. साईझ कमी करून बघतो.


ओळंबा | सोमवार, सकाळी १०:३०

मामा (भाचीमुळे आता तुम्ही सगळ्यांचेच मामा), सोमवारी गेलात ते बरंच झालं. एरवी लोक आत शिरतात, भांडीकुंडी बघतात आणि भिंतीला पाठ लावून सेल्फी काढून निघतात. तुम्ही कडा मोजल्यात!

या भिंतीला तिकडे 'वापान' म्हणतात आणि ती वांग शूची कल्पना नव्हे. निंगबोकडचा किनारा वादळांचा. घरं पडायची, आणि पडलेल्या घरांचा जो राडारोडा हाताशी असेल त्यातूनच गावकरी पटापट भिंत उभी करायचे. वीट, कौल, फुटका रांजण, जे मिळेल ते. म्हणजे मुळात ही गरिबाची आणि घाईची भिंत. सिमेंट आलं आणि ती विद्या मागे पडली. वांग शूने ती पुन्हा उभी करताना आधी लहान कामांवर हात बसवून घेतला, मग हांगचौला चायना अकादमी ऑफ आर्टच्या शियांगशान कॅम्पसवर (पहिला टप्पा २००४, दुसरा २००७) वीस लाखांहून जास्त जुनी कौलं वापरली, आणि मग निंगबो. नव्वदच्या दशकात बरीच वर्षं त्याने साईटवर कारागिरांसोबत काढली होती, ते इथे कामी आलं. कारण या भिंतीचं ड्रॉइंग काढताच येत नाही. ट्रकमधून आज काय माल उतरला त्यावर आजचा थर ठरतो. कुठला तुकडा कुठे हे शेवटी गवंड्याच्या हातात. तुम्हाला पट्टे दम लागल्यासारखे थांबलेले दिसले ना, ते बहुतेक असेच.

त्याच्या स्टुडिओचं नाव 'हौशी वास्तुकला स्टुडिओ' असं आहे, १९९७ पासून. हौशी नाटकमंडळी म्हणतो त्याच अर्थाने हौशी. स्टुडिओ त्याचा आणि त्याची बायको लू वेनयू हिचा, दोघांचा. २०१२ चं प्रित्झकर (वास्तुकलेतला सगळ्यात मानाचा पुरस्कार) मात्र एकट्या वांग शूला. यावर मी पाच पानं लिहू शकते, पण धागा भरकटेल आणि माझं ब्लडप्रेशरही.

आता तुमचा हार घातलेला फोटो. नव्या चकचकीत शहराच्या मधोमध असला जुनापाना माल लावायला तिथल्या काही अधिकाऱ्यांचा विरोध होता, हे वांग शूने स्वतः सांगितलंय. त्या काळी सगळ्यांना काच हवी होती. तेव्हा उपमा तुमचीच घेऊन सांगते, फोटो टांगायलाही घरच्यांची ना होती. तरी त्याने टांगला.


गर्डर | सोमवार, दुपारी १:०५

तांत्रिक खुलासा. ती भिंत इमारतीचं वजन घेत नाही. चोवीस मीटर उंच आणि वर तिरपी अशी भिंत नुसत्या कौलांवर उभी राहिली असती तर मी माझी डिग्री परत केली असती. मागे आरसीसी आहे, कौलं पुढे. गावातली वापान भिंत माणसाच्या डोक्याएवढी किंवा एखाद्या मजल्याची. ती एवढी उंच न्यायची तर मागे आधार लागणारच.


शंकासुर | सोमवार, दुपारी १:२०

झालं! म्हणजे जुन्या कौलांचा मेकअप. वाटलंच होतं.

चीनमधलं हे सगळं दाखवायचं काम आहे. तियानजिनची ती बिनहाई लायब्ररी आठवते का? २०१७ ला व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्या काकांनी पाठवली होती. मधे पांढरा गोल डोळा, भोवती जमिनीपासून छतापर्यंत लाटांसारख्या पुस्तकांच्या फळ्या, क्षमता म्हणे बारा लाख पुस्तकं. नंतर कळलं की वरच्या फळ्यांवर पुस्तकं नाहीतच, पुस्तकांची चित्रं छापलेले अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आहेत. लग्नाच्या हॉलमधल्या थर्माकोलच्या महालाला निदान कोणी महाल तरी म्हणत नाही.


ओळंबा | सोमवार, दुपारी १:४८

शंकासुर, तो किस्सा खरा आहे, पण अर्धाच सांगितलात. डिझाइन डच ऑफिसचं, एमव्हीआरडीव्हीचं. मूळ आराखड्यात वरच्या फळ्यांपर्यंत मागच्या खोल्यांतून पोचायची सोय होती. पहिल्या रेखाटनापासून उद्घाटनापर्यंत तीन वर्षं, त्या घाईत ती सोय स्थानिक पातळीवर गाळली गेली. आर्किटेक्टचा त्याला विरोध होता, तसं त्यांनी जाहीरही केलं. मग हात पोचत नाही तिथे पुस्तक ठेवून उपयोग काय, म्हणून पत्रे.

पायऱ्यांसारख्या त्या फळ्यांवर लोक बसतात, पोरं पळापळी करतात, ते मात्र खरं. पुस्तकं दुसऱ्या खोल्यांमध्ये आहेत.


शंकासुर | सोमवार, दुपारी १:५५

म्हणजे लायब्ररीत बसायला जागा आहे, फक्त पुस्तकं दुसऱ्या खोलीत. बरं.


फिरस्ती | सोमवार, रात्री ९:१०

नवऱ्याच्या नोकरीमुळे बीजिंगला साडेचार वर्षं काढली, त्यामुळे थोडं लिहिते. तिथल्या मोठ्या इमारतींची सरकारी नावं मला कधीच पाठ झाली नाहीत, कारण टॅक्सीवाल्याला ती सांगायची गरजच पडली नाही. राष्ट्रीय नाट्यगृह म्हणजे 'अंडं'. ऑलिंपिकचं स्टेडियम 'पक्ष्याचं घरटं'. आणि सीसीटीव्ही, म्हणजे सरकारी टीव्हीचं मुख्यालय, ते 'दा खुछा'. अर्थ: मोठी चड्डी. दोन पाय तिरपे वर जातात आणि वर कमरेपाशी जुळतात, एकदा तसं दिसलं की दुसरं काही दिसत नाही. माझ्या सासूबाई आल्या होत्या, त्यांनी कोणी न सांगता पहिल्या नजरेत ओळखलं.

शांघायमधल्या तीन उंच टॉवरांना तर लोक स्वयंपाकघराचा सेट म्हणतात. जिन माओ, वर्ल्ड फायनान्शियल सेंटर आणि शांघाय टॉवर शेजारी शेजारी उभे आहेत. एक इंजेक्शनची सुई (मसाला भरायची समजा), दुसरा बाटली उघडायचा ओपनर, तिसरा अंडी फेटायचं यंत्र. ओपनरच्या वरच्या भोकाची गंमत माहीत आहे का? आधी ते गोल होतं. बांधणारी कंपनी जपानी, आणि शांघायच्या आकाशात गोल म्हणजे थेट जपानचा उगवता सूर्य. ओरड झाली, भोक चौकटीसारखं झालं, आणि ओपनर जन्माला आला.

मला विचाराल तर अंडं आवडायचं. ग्रेट हॉलच्या, म्हणजे त्यांच्या संसदेच्या इमारतीच्या बाजूला, टायटॅनियम आणि काचेचा घुमट, भोवती पाणी. कुठून आत जायचं तेच कळत नाही. दार पाण्याखालून आहे. तळ्याखालच्या वाटेने चालताना डोक्यावर काच, काचेवर पाणी, आणि पाण्यातून हलणारा उजेड अंगावर. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती, ती दर वेळी तिथे चालायची थांबून वर बघत उभी राहायची. नाटकाची पहिली घंटा व्हायची तरी हलायची नाही. बाहेरून मात्र २००७ मध्ये उघडल्यापासून आजवर त्याला शिव्याच जास्त. जुन्या बीजिंगच्या कुशीत हे काय आणून ठेवलं, असं.


गर्डर | सोमवार, रात्री १०:०२

चड्डीचा विषय निघालाच आहे तर मला राहवत नाही. हसा, पण त्या चड्डीएवढं धाडसी स्ट्रक्चर मी दुसरं पाहिलेलं नाही.

उंची २३४ मीटर. दोन टॉवर, दोन्ही सहा सहा अंशांनी कललेले, आणि वरचा भाग दोघांना जोडत कोपऱ्यात जवळजवळ पंचाहत्तर मीटर हवेत बाहेर आलेला. खाली खांब नाही. रेम कूलहास आणि ओले शेरेन यांचं डिझाइन, स्ट्रक्चर अरुप या इंजिनियरिंग कंपनीचं. वजन मधल्या गाभ्यापेक्षा बाहेरच्या जाळीतून जास्त जातं, म्हणून ती जाळी काचेतून दिसते. नीट बघा, जाळीचे तिरपे दांडे सगळीकडे सारखे नाहीत. जिथे ताण जास्त तिथे दाट, कमी तिथे विरळ. कॅलक्युलेशनच भिंतीवर काढून ठेवलंय म्हणा ना. नाव चड्डी असलं तरी शिवण उघडी ठेवलेली आहे.

आता जोडणी. दोन टॉवर वेगवेगळे वाढत गेले, आणि २००७ च्या डिसेंबरात वर हवेत एकमेकांना जोडायचे होते. अडचण उन्हाची. सूर्य एका बाजूने तापवतो, स्टील वाढतं, टॉवर हलतात, आणि दोघं वेगवेगळे हलतात. दुपारी जुळवलेलं भोक संध्याकाळी जुळणार नाही. म्हणून जोडणी पहाटे केली, दोन्ही टॉवर रात्रभर थंड होऊन सारख्या तापमानाला आलेले असताना. एवढी मोठी इमारत, आणि तिचा मुहूर्त ब्राह्ममुहूर्तच निघाला!

शेजारच्याच त्यांच्या दुसऱ्या इमारतीला ९ फेब्रुवारी २००९ च्या रात्री आग लागली, सणाच्या आतषबाजीने. अजून पूर्ण व्हायची होती. एक अग्निशमन जवान गेला. चड्डीला धक्का लागला नाही.


मोल्डवाला | सोमवार, रात्री १०:२०

गर्डर, क्या बात है. आमच्याकडे सकाळच्या शिफ्टचे आणि दुपारच्या शिफ्टचे पीस मापात थोडे वेगळे येतात, त्याची तक्रार आता करणार नाही.

मेकअपबद्दल: शंकासुर, मी तिथे उभा होतो. मागे काँक्रीट आहे हे कळल्यावर मला फसल्यासारखं वाटलं नाही. गाव पाडलं गेलं हे कळल्यावर वाटलं. माझी गाडी तिथेच अडलीय.


शंकासुर | मंगळवार, सकाळी ८:४०

मग ती गाडी मीच पुढे ढकलतो. हे सगळं बांधतात कशाला? ज्याला त्याला ऑपेरा हाऊस, म्युझियम, लायब्ररी. ऑपेरा बघणारे किती आहेत?

कारण साधं आहे, जमीन. तिथे जमीन सरकारची. १९९४ ला कररचना बदलली, महसुलाचा मोठा वाटा केंद्राकडे गेला, आणि शहरांच्या हातात कमाईचं मोठं साधन उरलं ते जमिनीचे वापरहक्क विकणं. गावची जमीन घ्यायची, रिकाम्या माळावर मधोमध मैदान, मैदानाभोवती सरकारी कचेरी, नाट्यगृह, म्युझियम. मग आजूबाजूचे प्लॉट बिल्डरला चढ्या भावाने. नाट्यगृह चाललं नाही तरी चालतं, त्याचं काम प्लॉट विकले गेले तेव्हाच झालेलं असतं. त्यात मेयरसाहेबांना बढती हवी असते. फोटोत उठून दिसेल असं काहीतरी पाहिजे. झाहा हदीदसारखी जगप्रसिद्ध आर्किटेक्ट परवडली तर तिची इमारत, नाही तर तिच्यासारखी.

आणि 'तिच्यासारखी' म्हणजे शब्दशः. तिच्या बीजिंगच्या वांगजिंग सोहोची, त्या तीन गोट्यांची, हुबेहूब वाटावी अशी इमारत चोंगचिंगमध्ये उठायला लागली. मूळ पुरी व्हायच्या आधी! नकलाकाराशी शर्यत लावून मूळ इमारत बांधायची पाळी आली होती.

तेव्हा मामा, तुमच्या भिंतीसाठी गावं पाडली नाहीत हे खरं. पण जे म्युझियम नसतं तर प्लॉट विकायला निमित्त नसतं, त्याच म्युझियमवर ती भिंत आहे.


चहाबिस्किट | मंगळवार, सकाळी ९:०२

शंकासुर पेटलेत. सूत्रसंचालकांनी पाण्याची बादली तयार ठेवावी. मी पॉपकॉर्न आणतो.


ओळंबा | मंगळवार, दुपारी १२:१५

शंकासुर, जमिनीबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते मला टोचतंय हेही कबूल करते.

पण वरून वारं फिरलंय हेही सांगा. ऑक्टोबर २०१४ मध्ये शी चिनफिंग यांनी भाषणात चित्रविचित्र इमारती पुरे असं म्हटलं. २०१६ ला स्टेट कौन्सिलचा (त्यांच्या मंत्रिमंडळाचा) फतवा निघाला: अवाढव्य, परदेशाची नक्कल, विचित्र, असलं नको. २०२० ला पाचशे मीटरच्या वर बंदी आणि नकलांना मनाई, आणि २०२१ ला तीस लाखांपेक्षा कमी वस्तीच्या शहरांत दीडशे मीटरच्या वर जायलाही कडक चाप. सहाशे बत्तीस मीटरचा शांघाय टॉवर आता त्यांच्या घराण्यातला शेवटचा आजोबा.

माझ्या पिढीच्या आर्किटेक्टना मात्र उत्सुकता होती की 'विचित्र' कोण ठरवणार. शेनयांगला जुन्या नाण्याच्या आकाराची इमारत आहे, बीजिंगजवळ एक हॉटेल आहे जे दहा मजली तीन देवांच्या पुतळ्यांच्या रूपात उभं आहे, फू-लू-शौ. तीनही देव रंगीत झगे घालून. ही विचित्र. पण हार्बिनचं मा यानसोंगचं ऑपेरा हाऊस (२०१५)? तेही पांढऱ्या बर्फाच्या वळ्यासारखं आहे, नदीकाठच्या दलदलीत. त्याच्या छतावर कोणीही चालत जाऊ शकतं, तिकीट नाट्यगृहाचं काढलेलं नसलं तरी. आत सगळं लाकूड, हाताने घासून वळवल्यासारखं. उणे वीसच्या थंडीतून आत आल्यावर ते लाकूड कसं वाटत असेल विचार करा. विचित्र म्हणून ते नाकारलं असतं तर मला वाईट वाटलं असतं.


पोटमाळा | मंगळवार, संध्याकाळी ६:३५

फार उशिरा आलो. एवढंच सांगायचं होतं.

आमचा वाडा नारायण पेठेतला. २०११ साली पाडला. कोणाची तक्रार नाही, भाडेकरू आणि मालक दोघं कंटाळले होते, छप्पर गळत होतं. पाडायचं काम ज्याने घेतलं त्याने पैसे घेतले नाहीत, उलट दिले. कारण सागवान. तुळया, खांब, दिंडी दरवाजा, देवघराची महिरप, सगळं एका टेम्पोत गेलं. तीन वर्षांनी लोणावळ्याच्या बाजूला एका रिसॉर्टला ऑफिसच्या पार्टीला गेलो, तर बारच्या काउंटरला आमचा खांब. आमचाच. त्यावर माझ्या काकाने चाकूने कोरलेलं 'सु' तसंच होतं.

मामांचा प्रश्न वाचल्यापासून ठरवतोय की मला तेव्हा राग आला होता की बरं वाटलं होतं. दोन्ही. ग्लास त्याच खांबाला टेकवून उभा राहिलो होतो.

निंगबोच्या भिंतीत निदान कोणी दारू पीत नाही.


फिरस्ती | मंगळवार, संध्याकाळी ७:००

पोटमाळा, वाचून गप्प झाले.


ओळंबा | मंगळवार, रात्री ९:५०

पोटमाळांच्या प्रतिसादानंतर लिहायला अवघड आहे, पण एक माणूस सांगितल्याशिवाय हा धागा अपुरा राहील. लिऊ जियाकुन. छंगदूचा. २०२५ चं प्रित्झकर त्याला मिळालं.

२००८ च्या मे महिन्यात सिच्वानमध्ये भूकंप झाला. राडारोड्याचे डोंगर. याने काय केलं, तो राडारोडा दळला, त्यात गव्हाचं काड आणि सिमेंट घातलं आणि विटा पाडल्या. 'पुनर्जन्माच्या विटा' नाव दिलं. त्यात कलाकुसर अशी काही नाही. खेड्यातल्या साध्या यंत्रावर, गावकऱ्यांना पाडता येतील अशा. नंतर स्वतःच्या मोठ्या कामांतही वापरल्या. छंगदूतलं त्याचं वेस्ट व्हिलेज (२०१५) हा अख्खा एक चौक आहे: कडेने पाच मजल्यांची इमारत, मधे मोठं अंगण, बांबू, खेळाची मैदानं, आणि सगळ्याच्या कडेने वर चढत जाणारा उतार, ज्यावरून लोक सायकली घेऊन गच्चीपर्यंत जातात. कमर्शियल प्रकल्प आहे बरं का, दुकानं आणि ऑफिसं. पण टॉवर उभा करायचा सोडून त्याने जागेला मिठी मारलीय.

त्याच भूकंपात शाळा कोसळून गेलेल्या पंधरा वर्षांच्या एका मुलीचं स्मारकही त्याने बांधलं, तिच्या आईवडिलांना भेटल्यावर. एका खोलीएवढं, मदतछावणीच्या तंबूच्या आकाराचं. आत भिंती गुलाबी, तिच्या रोजच्या वस्तू. चिनी वास्तुकला म्हटली की आपल्याला चड्डी आणि ओपनर आठवतात. मला आजकाल ही खोली आठवते.

अवांतर: तुटक्या मालाशी आपलंही जुनं नातं आहे. बाळकृष्ण दोशी (जन्म पुणे, १९२७, प्रित्झकर २०१८) यांच्या अहमदाबादच्या संगाथ या स्टुडिओची छपरं चिनीमातीच्या फुटक्या तुकड्यांनी मढवलेली आहेत. आपल्या गच्चीवर उन्हापावसासाठी जे चायना मोझॅक करतात, तेच. आमच्या घरी गच्चीवर पडलेला कपबशीचा दांडा अजून दिसतो.


गर्डर | मंगळवार, रात्री १०:१५

चायना मोझॅकवर आल्याबद्दल आभार. धाग्याचं वॉटरप्रूफिंग झालं.


मोल्डवाला | मंगळवार, रात्री ११:२०

चिंगदेचनचंही भाचीने आत्ताच पाठवलं. चिनीमातीच्या भांड्यांचं गाव. तिथल्या भट्ट्या दर दोन-तीन वर्षांनी पाडून नव्याने बांधायच्या, कारण विटा उष्णता धरेनाशा व्हायच्या. मग निवृत्त विटा घरांना, गल्ल्यांना. झू पेई नावाच्या आर्किटेक्टने तिथलं भट्ट्यांचं म्युझियम (२०२०) भट्टीच्याच आकाराच्या लांब कमानींचं केलं आणि त्यात त्या जुन्या विटा घातल्या. भट्टीवर काम केलेल्याला अशी वीट हातात घेतली की कळते, एक बाजू आगीने काचेसारखी झालेली असते. इथे कोणी मारलं नाही, कोणी पाडलं नाही. वीट दमली, उठून घरी गेली. मला हे निंगबोपेक्षा सोपं जातं.

निंगबोचं मात्र अजून उकललेलं नाही. शंकासुरांचं प्लॉटचं गणित खरं, ओळंबाताईंचा गवंडीही खरा. आणि पोटमाळांचा 'सु'. मी दोन तासांत त्या भिंतीत एकही नाव शोधलं नाही, सुचलंच नाही. चौदा कडा मोजत बसलो.


फिरस्ती | बुधवार, सकाळी १०:०५

मामा, मी आत गेलेली आहे, २०१६ ला. तुमच्यासाठी लिहिते. वर एक उघडी गच्ची आहे, त्या सुळक्यांच्या मधे, तुम्ही खिंड म्हणालात तिथेच. पायऱ्या चढून तिथे पोचलं की दोन्ही बाजूंना कौलांच्या भिंती आणि समोरच्या फटीतून टॉवर दिसतात. आम्ही गेलो तेव्हा एक आजोबा नातवाला घेऊन भिंतीपाशी उभे होते. आजोबा बोटाने काहीतरी दाखवत होते. विटेवर दाखवत होते की पलीकडच्या टॉवरवर, ते कळलं नाही, आणि भाषा निंगबोची, मला शब्द कळला नाही.


चहाबिस्किट | बुधवार, सकाळी १०:११

आणि मामांचे फोटो?


मोल्डवाला | बुधवार, रात्री ८:३०

फोटो भाचीकडे दिलेत, ती चढवणार आहे.

मशीनची ऑर्डर पक्की झाली. मार्चमध्ये डिस्पॅचच्या आधी तपासणीला पुन्हा निंगबोला जायचंय. डीलरने सोमवार दिला होता. मी म्हटलं, एक दिवस पुढे ढकला, मंगळवार ते शुक्रवार कधीही चालेल. कारण विचारलं तर म्हटलं, घरची भानगड आहे.